छत्तीस पायऱ्यांची भवानी

आयुष्यात मी एकदाच कॉपी केली, आणि तीही निवृत्त झाल्यावर. एकतीस वर्षं पनवेलच्या शाळेत गणित शिकवलं. कुणाच्या बाहीत चिठ्ठी आहे, कुणी कंपासपेटीच्या झाकणावर सूत्रं कोरलीत, हे मला वर्गाच्या दारातूनच कळायचं. बाईंना पाठीलाही डोळे आहेत, असं मुलं म्हणायची. त्या बाई एकसष्टाव्या वर्षी कॉपी करताना पकडल्या गेल्या, आणि पकडणारी मुलगी होती माझ्या एखाद्या जुन्या विद्यार्थिनीच्या वयाची.

घरोघरी व्हॉट्सअॅप नुकतं येत होतं, त्या दिवसांतली ही गोष्ट. सहा महिने माझं पोट फुगत होतं. गॅस म्हणून ओवा झाला, हिंग झालं, शेजारणीने सांगितलेला काढा झाला. शेवटी सोनोग्राफीत कळलं, अंडाशयाचा कर्करोग. मुंबईच्या एका रुग्णालयात ऑपरेशन झालं. त्यानंतर दर तीन आठवड्यांनी एक, अशा सहा केमो घ्यायच्या ठरल्या. आकड्याला मी घाबरत नाही. सहा म्हणजे सहा, एकेक वजा करत जाऊ, असं मी डॉक्टरांना ऐटीत सांगितलंसुद्धा.

पहिल्या केमोच्या दिवशी नर्सने हातात एक कापडी पिशवी ठेवली. तिच्यात एक पिवळा रबरी पट्टा होता, चित्रांची वही होती आणि काडेपेटीएवढं, पावलं मोजणारं एक यंत्र होतं. केमो चालू असलेल्या बायकांनी घरी थोडा थोडा व्यायाम करावा म्हणून रुग्णालयाने ही सोय केली होती. व्यायाम शिकवणारी ताई दर मंगळवारी आणि शुक्रवारी अकरा वाजता फोन करणार होती. यंत्र कमरेला लावायचं, रोजचा आकडा वहीत लिहायचा आणि फोनवर तिला सांगायचा.

"म्हणजे ती मुंबईत खुर्चीवर बसणार आणि मी पनवेलमध्ये उठाबशा काढणार," मी घरी येताना नवऱ्याला म्हणाले. "याला उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात."

"शेळी वठणीवर येणार असेल तर हाकू दे की," नवरा म्हणाला. हे गृहस्थ दिवसातून चार वाक्यं बोलतात. त्यातली तीन मला टोचणारी असतात.

पहिल्या फोनलाच त्या मुलीने मला 'काकू' केलं. आवाज गोड, पण शिस्त माझ्यासारखीच. खुर्चीतून हात न टेकता पाच वेळा उठायचं. ओट्याला धरून टाचा उचलायच्या. पट्टा पायात अडकवून ताणायचा. चालताना वेग किती ठेवायचा, असं मी विचारलं, तर म्हणाली, "बोलता येईल, पण गाता येणार नाही, इतपत." मी म्हटलं, "बाळ, मला बोलता येणार नाही असं चालणं अजून जन्माला यायचंय." ती खळखळून हसली, आणि मंगळवारचे अकरा मला आवडायला लागले. अर्थात हे मी कुणाला कळू दिलं नाही.

आता आमच्या कोळणीबद्दल सांगायला हवं, कारण गुन्ह्यात ती माझी साथीदार. ती उरणकडच्या खाडीकाठची. सकाळच्या एसटीने यायची, पाटी डोक्यावर घ्यायची, आणि उरण नाक्यावरून आत वळलं की आमची इमारत पहिली लागायची. वीस वर्षं तिची भवानी माझ्या हातची. दिवसाची पहिली विक्री म्हणजे भवानी, आणि ती चांगल्या हाताने झाली की पाटी दुपारच्या आत रिकामी होते, ही तिची श्रद्धा. कधी काळी मी पहिलं गिऱ्हाईक झाले त्या दिवशी तिचा एवढा मोठा जिताडा मासा हातोहात गेला होता, तेव्हापासून मी अडकले. साडेआठला ती दोन जिने चढून दारात, "बाई, भवानी करा गो," म्हणत पाटी उतरवणार. मी घासाघीस करणार, ती कपाळाला हात लावणार. मग माझ्या हातची नोट डोळ्यांना लावून, पाटीवरून ओवाळून कनवटीला खोचणार. एकदा मी नव्हते म्हणून नवऱ्याने भवानी केली, तर त्या दिवशी तिचे अर्धे बोंबील परत गेले. त्यानंतर तिने त्यांच्या हाताला हात म्हणून मानलंच नाही.

केमो सुरू झाल्यावर मला मासळीचा वास सोसेना. खाण्याचं राहू दे, पाटीचं फडकं उचललं तरी मी मोरीकडे धावायची. तिला हे सांगायचं माझ्या जिवावर आलं होतं. तिने तोड काढली. पाटी खाली ठेवायची, हात साबणाने धुऊन वर यायचं, माझ्या हातून नोट घ्यायची आणि माझ्या नावचा मांदेलीचा वाटा खाली इमारतीच्या मांजराला घालायचा. विक्री झाली, भवानी झाली. महिन्याभरात ते मरतुकडं मांजर असं काही फुगलं, की वॉचमन त्याला 'शेटजी' म्हणायला लागला.

दोन केमो मी अशा हसतखेळत काढल्या. केस गेले, तर नवरा म्हणाला, "आता आपण दोघं सारखे दिसतो." तिसरीने मात्र दात दाखवले. पायांचे तळवे बधिर झाले. फरशीवर पाऊल ठेवलं तरी कापसावर ठेवल्यासारखं वाटायचं, जमीन कुठे सुरू होते तेच कळायचं नाही. दोनदा तोल गेला. मग मी पलंग धरला. दिवसभर पडून राहायची, आणि कुणी 'ऊठ' म्हटलं की अंगावर जायची. तपासणीला गेले तेव्हा डॉक्टरांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि शांतपणे सांगितलं, "एवढा अशक्तपणा असेल तर पुढची केमो लांबवावी लागेल. कदाचित कमीही करावी लागेल. अंगात ताकद हवी."

त्या दिवशी परतताना गाडीत मी उरलेल्या केमो बोटांवर मोजत होते. मरणाची भीती मला ऑपरेशनच्या वेळी वाटली नव्हती, ती तेव्हा वाटली. सहा पुऱ्या झाल्या नाहीत तर उदाहरण अर्धवट सुटणार, आणि अर्धवट सुटलेल्या उदाहरणाला मी कधी गुण दिलेले नाहीत. मला सहाच्या सहा केमो हव्या होत्या. मला जगायचं होतं. इतकी साधी गोष्ट होती, पण ती मोठ्याने म्हणायची मला लाज वाटत होती.

आणि यंत्रात आकडा होता तीनशे बारा. ताईने सांगितली होती दोन हजार पावलं. वहीत मी काहीही लिहू शकले असते, पण यंत्रात मागच्या सात दिवसांचे आकडे साठायचे, आणि ती फोनवर बटण दाबून ते वाचायला लावायची. शिवाय तिचा कागद डॉक्टरांकडे जायचा. त्यात तीनशे बारा दिसले तर चौथी केमो गेलीच, असं मी पक्कं धरून बसले.

गुरुवारी सकाळी कोळीण नोट घ्यायला दारात आली. मी यंत्र तिच्या कमरेला, नऊवारीच्या ओच्याजवळ अडकवलं.

"ह्ये काय गो बाई?"

"पावलं मोजतं. आपल्या आळीत फेरी मार आणि लगेच आणून दे. कुणाला सांगू नकोस."

"माजी पावलं मोजून सरकार काय देनार हाय का?" म्हणत ती गेली.

हुशार कॉपीबहाद्दर एखादं गणित मुद्दाम चुकवतो, म्हणजे संशय येत नाही. माझाही हिशेब चोख होता. आळीची फेरी म्हणजे दोन-सव्वादोन हजार. कुणाला शंका येणार नाही असा आकडा. पण ही बाई पाटी विकायच्या नादात यंत्राला विसरली. आळी झाली, बाजार झाला, उरलेली मासळी घेऊन पार तलावापलीकडे गेली. एसटी पकडून घरी गेली, संध्याकाळी जाळ्याच्या दोऱ्या ओढायला नवऱ्याबरोबर खाडीवर गेली, आणि शुक्रवारी सकाळी जीभ चावत यंत्र घेऊन दारात उभी राहिली. आदल्या दिवसाचा आकडा होता एकोणीस हजार चारशे सहा.

अकराला फोन वाजला. आकडे वाचायची पाळी आली. खोटं वाचावं तर पुढच्या भेटीत यंत्र रुग्णालयात दाखवायचं होतं. मी घसा साफ केला आणि वाचला.

मग ती म्हणाली, "काकू, काल तुम्ही कुठे गेला होतात?"

"बाजारात."

"कुठल्या? पुण्याच्या?"

मला जो राग आला! स्वतःची चोरी पकडली गेली की माणसाला समोरच्याचाच राग येतो, हे मी शेकडो मुलांच्या तोंडावर पाहिलेलं. तरी मी म्हणाले, "तुला कळत नसेल तर विचारू नकोस," आणि फोन ठेवला. नवरा पेपरातून मान वर न काढता म्हणाला, "मुलांना तू अशा वेळी काय करायला लावायचीस?"

मी मुलांना उभं करून सगळ्यांसमोर खरं सांगायला लावायची. दहा मिनिटांनी मी वहीवरचा नंबर लावला आणि सगळं सांगितलं. तीनशे बारा, कोळीण, आळीची फेरी, चौथी केमो जाईल ही भीती. सांगता सांगता रडू फुटलं.

ती रागावली नाही. म्हणाली, "काकू, मला तुमचे पाय दिसत नाहीत. मला फक्त आकडा दिसतो. तो खोटा असला, तर मी डोळे मिटून तुम्हाला चालवतेय. उद्या तुम्ही पडलात तर?" मी पदराने डोळे पुसले. "आणि पाय बधिर झालेत हे तुम्ही मला सांगितलंच नाहीत. त्याचे वेगळे व्यायाम असतात. मी डॉक्टरांनाही आजच कळवते. तीनशे बारा कमी नाहीत, तिथूनच सुरुवात करायची. उद्या तीनशे पन्नास." मग आवाज बदलून विचारलं, "त्या एकोणीस हजारवाल्या मावशी कोण? मला त्यांच्याशी बोलायचंय."

मंगळवारी मी कोळणीला अकरापर्यंत थांबवून घेतलं आणि फोन स्पीकरवर टाकला. एक मुंबईत, एक माझ्या दारात, आणि दोघी माझ्याबद्दल माझ्यासमोरच बोलायला लागल्या. ताईने सांगितलं की काकूंनी रोज घराबाहेर पडायला हवं, कुणीतरी बरोबर हवं, कठडा धरून जिना उतरला तरी चालेल, पायात मागून पट्ट्याच्या चपला हव्यात. सकाळी उठल्या उठल्या नको. गोळी आणि नाश्ता होऊन तास-दीड तासाने, दहाच्या पुढे. कोळीण मन लावून ऐकत होती. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "आयकलं ना? उद्यापास्न मी वर नाय येनार. भवानी खाली."

"अगं पण मला उतरवत नाही!"

"मंग माजी भवानी नाय व्हनार," ती म्हणाली. "आन् आमची सकालची यष्टी बंद झाली हाय. आता मी साडेधाला येतंय."

मी तिला नाही नाही ते बोलले. वीस वर्षांचा संबंध काढला. ती तोवर पहिल्या मजल्यावर पोचली होती.

दुसऱ्या दिवशी साडेदहाला आमची वरात निघाली. डोक्याला रुमाल बांधलेली मी, एक हात कठड्यावर. ताईने सांगितल्याप्रमाणे एक पायरी, दोन्ही पाय, मग दुसरी पायरी. एक पायरी खाली कठडा धरून नवरा, आणि त्याच्या दुसऱ्या हातात प्लॅस्टिकचं स्टूल, मला वाटेत बसायला. अठरा आणि अठरा छत्तीस पायऱ्या. उतरायला बारा मिनिटं लागली, वर यायला पंचवीस, आणि मधल्या वळणावर स्टुलावर बसून मी नवऱ्याला आणि खालच्या कोळणीला, दोघांनाही शिव्या घातल्या. खाली पंपाच्या खोलीजवळ ती पाटी झाकून बसली होती. मी लांबूनच नोट पुढे केली. तिने ती डोळ्यांना लावली, पाटीवरून ओवाळली, आणि शेटजी शेपटी वर करून पुढे आला.

त्या दिवशी यंत्रात पाचशे चाळीस आले. मी आकडा वहीत लिहिला आणि त्याच्याभोवती लाल गोल काढला.

मग रोजचंच झालं. भवानीसाठी खाली उतरायचं, आणि उतरलेच आहे तर फाटकापर्यंत, मग कोपऱ्यावरच्या पानाच्या टपरीपर्यंत. ताई दर फोनला थोडं वाढवायची, एखादे दिवशी मुद्दाम कमी करायची. डॉक्टरांनी औषध थोडं बदललं. पायाच्या मुंग्या गेल्या नाहीत, पण डोळे मिटून एका पायावर दहा आकडे उभं राहता यायला लागलं, अर्थात ओट्याला धरून. चौथी केमो ठरल्या दिवशी झाली. तिच्यानंतरचे चार दिवस मी मधल्या वळणापुढे जाऊ शकले नाही, तर कोळीण हात धुऊन तिथपर्यंत चढून आली. "अर्धा जिना तुमचा, अर्धा माजा," म्हणाली. "पन दाराशी येनार नाय." पाचवीही वेळेवर झाली. मंगळवारी आणि शुक्रवारी आकडा वाचताना मला पहिल्या बाकावरच्या मुलीसारखा हुरूप यायला लागला. तीन हजारांचा आकडा ओलांडला त्या दिवशी ताई फोनवर ओरडलीच.

सहावीच्या आधीच्या आठवड्यात एकदा मी उतरत होते, तेव्हा तळमजल्यावरच्या शेजारीणबाई दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, "बाई, तुम्ही आता लवकर ठणठणीत व्हा हो. आम्हाला मासळी मिळायची पंचाईत झालीय. माझा मुलगा डबा न घेता जातो."

"का? एसटी उशिरा येते ना आता," मी म्हटलं.

"कुठली एसटी? ती साडेआठलाच येते, नेहमीसारखी. येऊन तिथे बसते, पाटीवर ओलं फडकं घालते आणि मागायला गेलं की म्हणते, भवानी नाय झाली. दोन दोन तास. बर्फ विरघळून पाणी होतं, पण बाई उतरल्याशिवाय फडकं काढत नाही."

मी शेवटच्या पायरीवर थांबले. एकतीस वर्षं वर्गाच्या दारातून चिठ्ठ्या पकडणारी मी, आणि दीड महिना ही बाई रोज माझ्या डोळ्यांदेखत खोटं बोलली होती. पाटीखालची ओली फरशी मी रोज पाहत होते. तिच्यावरून चपला जपून टाकत होते. एकदाही डोक्यात आलं नाही की बर्फ इतका वितळतो कसा.

मी तरातरा तिच्याकडे गेले. तरातरा म्हणजे माझ्या तेव्हाच्या मानाने. "अगं, वेडी आहेस का तू? मासळी खराब झाली असती तर? दुसऱ्या कुणाच्या हातून भवानी करून मोकळी व्हायचं होतंस!"

तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. "केली असती," ती म्हणाली. "मंग तुमी कशाला उतरल्या असत्या?"

मी नोट पुढे केली. तिने नेहमीसारखी ती डोळ्यांना लावली. मी तिच्या शेजारी पंपाच्या खोलीच्या कट्ट्यावर बसले आणि नवऱ्याचं स्टूल पहिल्यांदाच रिकामं राहिलं.

सहावी केमो ठरलेल्या दिवशी झाली. वॉर्डबॉय चाकाची खुर्ची घेऊन आला, त्याला मी परत पाठवलं. डॉक्टरांनी फाइलवर सहाच्या पुढे खूण केली आणि माझ्याशी हात मिळवला. बाहेरच्या व्हरांड्यात एक बुटकीशी मुलगी उभी होती. तोंड उघडलं तेव्हा कळलं, हीच ती. आवाजावरून मी तिला चांगली उंच धरलं होतं. तिने आधी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलंच नाही. खाली वाकून माझे पाय पाहत राहिली.

"दिसले एकदाचे," ती म्हणाली, आणि मग आम्ही दोघी व्हरांड्यात उभ्या राहून हसलो आणि रडलोही.

त्यानंतर साधारण महिन्याने एका सकाळी जाग आली ती भुकेने. किती महिन्यांनी मला भूक लागली होती! सव्वाआठला मी चपला घातल्या. नवरा स्टूल उचलायला लागला, त्याला म्हटलं राहू दे. छत्तीस पायऱ्या उतरून मी फाटकाशी जाऊन उभी राहिले. कोळीण उरण नाक्यावरून वळली, तिने मला पाहिलं आणि रस्त्यातच थांबली. पाटी डोक्यावर, एक हात पाटीला, दुसरा तोंडावर.

"चल लवकर," मी ओरडले. "भवानी करायचीय. आणि फडकं काढ, मला बघून घ्यायचंय."

तिने पाटी उतरवली. वास आला, खाडीचा, मिठाचा, ओल्या फडक्याचा. मी मोरीकडे धावले नाही. जिताडा होता. तिने दर सांगितला, मी निम्म्यावर आणला, तिने कपाळाला हात लावला.

त्या दिवशी शेटजीला फक्त काटे मिळाले.